बाईंची स्मरणिका: एक प्रकरण अभ्यास

लालबाग-परळ भागातल्या महापालिकेच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईंची स्मरणिका काढताना काय घडलं, त्याची ही नोंद आहे. माणसांची आणि गावाची नावं, शाळेचा क्रमांक गाळला आहे. मी त्यांचा विद्यार्थी. मुद्रितशोधनावर पोट भरतो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

पार्श्वभूमी

बाई ऑगस्ट २०२२ मध्ये गेल्या. कागदावर त्यांचं वय ९१. कागदावर असं मुद्दाम म्हणतो, कारण शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून १९३१ होती. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मास्तर पोराच्या उंचीकडे बघून साल ठरवायचे आणि पुढे १ जून लिहून मोकळे व्हायचे. बाईंच्या आईचं म्हणणं, "तू झालीस तेव्हा शाळू काढायला आला होता." शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, म्हणजे फाल्गुन. साल कुठलं, ते आईलाही सांगता येत नव्हतं.

या तारखेने त्यांची पुढे एक गंमत केली. १ जूनचा जन्म म्हणून निवृत्ती ३१ मे १९८९ ला. ऐन मे महिन्याची सुट्टी. रिकाम्या शाळेत शिपाई, एक कारकून आणि पेढ्यांचा बॉक्स. मुलांसमोर निरोप असा झालाच नाही. ताईंचं (बाईंच्या मुलीचं) म्हणणं, आईने आयुष्यात धरलेला राग एवढाच.

गाव सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. पाऊस बेताचा, विहिरीवर मोट, शाळू, बाजरी, मटकी. चार भावंडांत त्या थोरल्या. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवीची परीक्षा, पास झाल्या, पुढे ट्रेनिंग केलं. चुलते लालबागच्या गिरणीत होते, त्यांनी मुंबईला आणलं. १९५६ साली महापालिकेच्या शाळेत लागल्या. लग्न इथेच झालं. नवरा गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम, ते १९९१ मध्ये वारले. एक मुलगा, एक मुलगी.

अडचण

दिवसकार्याच्या वेळीच स्मरणिका काढायचं ठरलं. दादांनी (बाईंच्या मुलाने) एक कच्चा मजकूर दिला. मथळा होता "शेतकरी कन्या ते आदर्श शिक्षिका". खाली दीड पान. गरिबी, कंदिलाचा उजेड, जिद्द, मुंबई, यश. वाचून मला काहीतरी खटकलं, पण काय ते नेमकं धरता येईना. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त त्यात बाई नव्हत्या. कुठल्याही बाईंचं नाव वर टाकलं असतं तरी चाललं असतं.

माझ्याकडे थोडं रेकॉर्डिंग होतं. २०२१ च्या दिवाळीनंतर मी त्यांच्याकडे पाचदा गेलो होतो. पहिली खेप वाया गेली, आणि चूक माझी. मोबाईल समोर ठेवून मी विचारलं, "बाई, आपल्या शैक्षणिक प्रवासाविषयी काही सांगा." बाई ताठ बसल्या आणि सहा मिनिटांत निवृत्तीचं भाषण करून मोकळ्या झाल्या. आधीच कमी ऐकू यायचं, त्यात माझा प्रश्न आकाशवाणीसारखा.

दुसऱ्या वेळी ताईंनी सहज त्यांच्या मांडीवर मटकी घातलेलं पाखडायचं सूप ठेवलं. बाईंच्या हातांनी सूप धरलं, एकदा वर उडवलं, थांबलं, मग गोल फिरू लागलं. मी म्हणालो, "पाखडताय?" बाई म्हणाल्या, "पाखडून झालं. हे घोळणं. पाखडलं की हलकं पुढे जातं, घोळलं की खडा मागे राहतो. एवढं कळत नाही, आणि तुला चौथीत पास कुणी केलं?" पास त्यांनीच केलं होतं. त्यानंतर चाळीस मिनिटं त्या थांबल्या नाहीत. नजर सुपात, बोट खड्यावर आणि तोंडाने गाव.

त्याच बैठकीत वयाचा थोडा माग लागला. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबार झाला, तो दिवस त्यांना आठवत होता. "त्या दिवशी आमच्याकडं चूल पेटली नाही. मी भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन एकटी रानात जाण्याएवढी होते." बांधाबांधाने एकटी जाणारी पोर म्हणजे दहाची तरी असेल. मग जन्म १९३२ किंवा त्याआधीचा. यापुढे आम्ही जाऊ शकलो नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दादांचा. तेराव्याला सोळा पानांची पुस्तिका, फोटो, श्रद्धांजल्या, झालं. लोक जमलेले असतात, प्रती हातोहात जातात. कमी लेखू नये असा पर्याय होता. घर दुःखात असताना कुणाला वर्षभराचं काम नको असतं.

दुसरा, शाळेत बाईंच्या नावाने बक्षीस. यात मोडता असा की त्यांची शाळा आता एकट्या मराठी माध्यमाची उरली नव्हती. पट घसरत गेला आणि वर्ग एकमेकांत मिसळले. बक्षीस कुणाला आणि कशाबद्दल, यावर दोन बैठका गेल्या. हा पर्याय आपोआप मागे पडला.

तिसरा माझा. वर्षभर थांबायचं, विद्यार्थी शोधायचे, गावी जायचं, वह्या बघायच्या आणि पहिल्या वर्षश्राद्धाला पुस्तिका काढायची. ताई माझ्या बाजूने होत्या. दादांनी विचारलं, "वर्षभराने कोण येणार?" प्रश्न चुकीचा नव्हता. शेवटी तेराव्याला एक पानी पत्रक वाटलं आणि त्यावर "आठवणी पाठवा" म्हणून ताईंचा नंबर टाकला. ही तडजोड बरी ठरली. पहिल्या आठवड्यात सतरा फोन आले.

पहिला घोटाळा: वह्या

त्या काळात शिक्षक टाचण काढायचे. उद्या काय शिकवायचं, कोणतं उदाहरण, कोणतं साहित्य, हे आदल्या रात्री वहीत लिहायचं. बाईंच्या तेहतीस वर्षांच्या टाचणवह्या एका लोखंडी ट्रंकेत होत्या. ती ट्रंक मी पाहिली होती, तिच्यावर बसून चहाही प्यायलो होतो.

इमारत पुनर्विकासाला गेली होती. बाई गेल्यावर महिन्याभरात घर रिकामं करून भाड्याच्या जागेत जायचं होतं. त्या धांदलीत ट्रंकेतल्या वह्या रद्दीवाल्याकडे गेल्या. घरच्यांना दोष देणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीतून साठ वर्षांचा संसार काढताना वह्यांचे गठ्ठे कोण मोजतो? दोष माझाच. ट्रंक मला माहीत होती, घर हलणार हेही माहीत होतं. "दिवस होऊन जाऊ देत" म्हणून मी फोन केला नाही. तीन आठवड्यांनी केला.

राहिल्या सात वह्या, त्याही मुंबईत नाही. बाई दर मे महिन्यात माहेरी जायच्या. पेरणीआधीची कामं उरकून, मृग लागायच्या सुमाराला परत. जाताना जुनी टाचणवही न्यायच्या आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर शेताचा हिशेब लिहायच्या. त्या सात वह्या माळवदाच्या घरात, धान्याच्या कणगीमागच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. बाईंचे भाचे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, त्यांनी न मागता त्या काढून दिल्या. एक कोपरा उंदराने खाल्लेला, बाकी शाबूत.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. आमची स्मरणिका वाचून लोक म्हणतात, बाई मनाने शेवटपर्यंत शेतकरीच होत्या. असतीलही. पण आमच्या हाती लागल्या त्या गावाकडच्या वह्या. मुंबईच्या वह्या असत्या तर कदाचित वेगळ्याच बाई दिसल्या असत्या. रद्दीवाल्याने अर्धं संपादन केलंय.

वह्यांत काय मिळालं

पुढच्या पानांवर टाचण, मागच्या पानांवर शेत, आणि दोन्हींची सरमिसळ. अपूर्णांकाच्या पाठापुढे लिहिलेलं: "शेराचं अर्धं मापटं, मापट्याचं अर्धं चिपटं, चिपट्याचं अर्धं कोळवं, कोळव्याचं अर्धं निळवं. मापं आणणे." ती मापं आम्ही वर्गात हाताळली आहेत. एक शेर तांदूळ टेबलावर, आणि निम्मं-निम्मं करत निळव्यापर्यंत उतरायचं. निळवं म्हणजे शेराचा सोळावा हिस्सा. ते पोरांच्या मुठीत मावायचं. मेट्रिक येऊन वीस वर्षं झाली होती, इन्स्पेक्टरने ही जुनी मापं कशाला म्हणून शेराही मारला होता. बाईंचं त्याखाली एका शब्दाचं उत्तर: "हातासाठी."

त्या जुन्याला चिकटून होत्या असं मात्र नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, १ एप्रिल १९५७ ला, नवे पैसे आले. सोळा आण्यांचे शंभर. आणा नेमका सव्वासहा पैशांचा, पण पाव पैसा द्यायचा कसा? रेकॉर्डिंगमध्ये बाई त्या वेळचा तक्ता पाढ्यासारखा म्हणतात: "एका आण्याचे सहा, दोनाचे बारा, तिनाचे एकोणीस, चाराचे पंचवीस." तीन आण्यांना एक पैसा वाढतो, ही गोम. संध्याकाळी शाळा सुटल्यावर खानावळ चालवणाऱ्या बायका हाच तक्ता शिकायला यायच्या. वाणी रोज पैसा-पैसा मारतो अशी त्यांची तक्रार होती. बाई हसून म्हणाल्या, "मुलांपेक्षा त्या लवकर शिकल्या. त्यांचे स्वतःचे पैसे जात होते ना."

दुष्काळातलं एक पान मे १९७३ चं. मिलो म्हणजे तेव्हा रेशनवर मिळणारी परदेशी ज्वारी, आबा म्हणजे बाईंचे वडील. "मिलोच्या भाकरी. तांबड्या. थापताना कडेला तडे जातात, गरम पाण्यात मळलं तर कमी. आबा पहिला घास घेऊन उठले." खाली लगेच जूनसाठी टाचण: "मिलो आणि ज्वारी एकाच कुळातली. दोन्हींचे दाणे दाखवणे. मुलांनी रेशनवरचा मिलो आणावा."

संपाची पत्रं

गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आम्हा मुलांना कळलं ते एवढंच, की वर्गातले बाक रिकामे होऊ लागले. घरभाडं, वाणी, दूध, काहीच भागेना तेव्हा बायकामुलं गावी गेली. मीही आजोळी गेलो. महिन्याभराने पंधरा पैशांचं कार्ड आलं: "तुझं नाव पटावर आहे. वही जपून ठेव. येशील तेव्हा तिथूनच पुढे." खाली बाईंची सही.

शोध सुरू केल्यावर अशी एकवीस कार्डं निघाली. कोल्हापूर, रत्नागिरी, सातारा, कुठून कुठून. काही लॅमिनेट केलेली. आम्ही स्मरणिकेत लिहिलं की बाईंनी स्वहस्ते प्रत्येक मुलाला पत्र लिहिलं. याबद्दल पुढे सांगतो.

अडलेला निर्णय: विहिरीवरचा आंबा

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तीन ओळींपायी. १९७९ च्या मे महिन्यातलं पान. आबा आदल्या वर्षी गेले होते. वहीत असं आहे:

"हक्कसोडपत्रावर सही केली. विहिरीवरचा आंबा तेवढा मागायला हवा होता. मागितला नाही."

त्याखाली एक रेघ, आणि लगेच "इयत्ता तिसरी. हातच्याची वजाबाकी."

गावाकडे बहिणीने हक्क सोडायचा असतो. न सोडणारीला माहेर राहत नाही, हे कुणी बोलत नाही आणि सगळ्यांना माहीत असतं. दादांच्या मजकुरात हेच "बाईंनी मोठ्या मनाने जमिनीवरचा हक्क सोडला" असं आलं होतं. आता दोन्ही एकाच पुस्तिकेत छापणं शक्य नव्हतं.

दादांचं मत, ओळी गाळा, मोठं मनही गाळा, विषयच नको. मला छापायच्या होत्या. ताई आधी माझ्याकडे होत्या, मग फिरल्या. त्यांचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. त्या म्हणाल्या, "आई त्रेचाळीस वर्षं गप्प राहिली. ते गप्प राहणंही तिनेच ठरवलेलं होतं. तू कोण ते मोडणारा?" मी म्हणालो, लिहिलं म्हणजे कुणीतरी वाचावं असं वाटलंच असेल. ताई म्हणाल्या, "वही कणगीमागे होती."

मग प्रश्न आला आप्पांचा. जमीन त्यांच्याकडे, आंबा त्यांच्या विहिरीवर, आणि वह्या देणारेही तेच. न विचारता छापणं म्हणजे ज्या हाताने दिलं त्यालाच चावण्यासारखं. फोनवर विचारायची हिंमत होईना. मी आणि ताई गावी गेलो. आप्पांनी पान वाचलं, चष्मा काढला, परत घातला, परत वाचलं. म्हणाले, "मी ही पानं चाळली होती. हे नजरेत आलं नाही." मग बराच वेळ वैरणीबद्दल बोलत राहिले. निघताना म्हणाले, "छापा. पण आंबा आता नाही. दोन हजार तीनच्या दुष्काळात विहीर रुंदावली तेव्हा मीच तोडला. ते पण छापा. आत्या पुढच्या मे महिन्यात आली होती. बुंध्यावर बसून जेवली, काही बोलली नाही."

यावर ताईंनी होकार दिला, पण मनापासून नाही. पान ३१ वर वहीतलं पान जसंच्या तसं छापलं आणि खाली आप्पांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत. आमची टिप्पणी एका ओळीचीही नाही.

काय निष्पन्न झालं

ऑगस्ट २०२३ मध्ये परळच्या एका छोट्या सभागृहात कार्यक्रम झाला. चौसष्ट पानं, दोनशे प्रती. पन्नास खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं त्याहून बरीच जास्त आली. "वर्षभराने कोण येणार" म्हणणारे दादा जिन्यात उभे राहून खुर्च्या वर पोचवत होते.

भाषणं मोजकी ठेवली. मापं टेबलावर मांडली होती, शेरापासून निळव्यापर्यंत, पण चिपटं हरवलेलं. डोंबिवलीहून आलेल्या एका गृहस्थांनी पिशवीतून ते काढून जागेवर ठेवलं. सातवीत असताना पळवलं होतं, पेनं ठेवायला वापरत होते. बाईंना ते माहीत होतं, असंही त्यांनी सांगितलं.

मग पोस्टकार्डांची गोष्ट. मी मोठ्या भक्तिभावाने "स्वहस्ते" वाचून दाखवल्यावर मागून एक बाई उठल्या. "ते अक्षर माझं आहे," म्हणाल्या. तेव्हा त्या सातवीत होत्या. बाई सातवीच्या मुलींना मजकूर सांगायच्या, मुली शुद्धलेखन म्हणून कार्डं लिहायच्या, काना-मात्रा चुकला तर कार्ड रद्द आणि पंधरा पैसे बाईंच्या खिशातून. सही तेवढी बाईंची. मुद्रितशोधकाने एकवीस कार्डं समोर ठेवूनही अक्षर तपासलं नव्हतं. मला तर हीच हकिकत जास्त आवडली, पण पुस्तिकेत चुकीची छापली आहे.

सगळं गोड झालं नाही. आप्पांचे धाकटे भाऊ आले नाहीत. हक्कसोडीचं पान छापून आम्ही घराण्याची अब्रू काढली, असं त्यांचं म्हणणं. ताई त्या दिवशी पान ३१ बद्दल काही बोलल्या नाहीत, अजूनही बोलत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

वह्यांचं तर उघडच आहे. माणूस गेल्यावर पहिल्या आठवड्यात, लाज सोडून, कागदांचं काय करणार आहात ते विचारायला हवं. विचारणं फार अवघड वाटत असेल तर निदान ट्रंक आपल्या घरी आणून ठेवावी.

रेकॉर्डिंग दहा वर्षं आधी सुरू व्हायला हवं होतं, बाईंचे कान शाबूत असताना. आणि प्रश्नांऐवजी हातात काहीतरी द्यायला हवं होतं, सूप, खुरपं, खडू, काहीही. पाच बैठकांपैकी कामाच्या दोन, आणि दोन्ही वेळा मांडीवर सूप होतं.

पण मला जास्त छळतं ते तिसरं. पाच वेळा समोर बसलो आणि एकदाही विचारलं नाही की बाई, यातलं काय छापू नको? त्यांनी स्पष्ट सांगितलं असतं. पान ३१ वर इतकी माणसं इतके महिने भांडली, ते एका वाक्यात मिटलं असतं. ओळी छापण्याचा निर्णय आजही बरोबर वाटतो, पण खात्रीने नाही. आठवड्यातून दोन दिवस तरी ताईंचं पटतं.

जन्मतारखेपुढे आम्ही "शाळू काढणीचे दिवस, दाखल्यावर १ जून १९३१" असं छापलं. ती तारीख चुकीची असल्याचं कळवणारे तीन फोन आले. तिघांनी तीन वेगळ्या तारखा सांगितल्या.

साठेक प्रती माझ्या माळ्यावर आहेत. देताना प्रत्येक प्रतीत पेनाने दोन दुरुस्त्या करतो. पान १८ वर "स्वहस्ते" खोडून सातवीच्या मुलींचा उल्लेख. आणि पान २३ वर मोटेचं वर्णन. तिथे बाईंचे शब्द होते, "नाडा-सौंदर भिजलेली असायची." नाडा म्हणजे मोट ओढायचा जाड दोर, सौंदर म्हणजे तिच्या सोंडेला बांधलेला बारीक. कॉम्प्युटरवर कुणीतरी सौंदरचं "सुंदर" केलं आणि मी, तीस वर्षं हाच धंदा करणारा, त्याच्यावरून पुढे गेलो. गावाहून आप्पांचा फोन आला. "पुस्तक चांगलं झालंय. नाडा सुंदर आहे हे वाचून बरं वाटलं. पण सौंदर कुठं गेली? तिच्याशिवाय मोट रिकामी होत नाही."